बंदुकीचं जेवण

निकीफोर : ओलांडलीस ना तू तिला? खरं सांग.

उल्याना : नाही हो मामंजी! कितीदा तेच विचारणार?

निकीफोर : बाईनं बंदूक ओलांडली की बंदुकीचं मन फिरतं. मग ती कुठेही मारते.

उल्याना : तुम्हाला दिसत नाही म्हणून सकाळी मला न्यावी लागली. हौस नव्हती मला. ते अस्वल हरणांच्या कळपात शिरलं, तेव्हा—

निकीफोर : गप! नाव घेऊ नकोस. त्याला ऐकू जातं. आजोबा म्हण.

उल्याना : बरं, आजोबा. आजोबांनी आपली दोन रेनडिअर फाडली. मी चाळीस पावलांवर होते. घोडा ओढला, तर नुसतं टक्. दुसरं काडतूस भरलं, खांद्यावर नेम धरला, तर गोळी हातभर डावीकडे. पुढे टाकलेल्या पंजाला लागली.

निकीफोर : आणि तो गेला कुठे?

उल्याना : तेच सांगतेय मघापासून! रक्त सांडत खालच्या झुडपात शिरला. आपल्या आणि नदीच्या मधे. अजून बाहेर पडलेला नाही, माग नाहीये दुसऱ्या अंगाला.

निकीफोर : हिवाळ्यात न झोपलेला, त्यात जखमी. वाईट.

उल्याना : आणि आज तुमचा लेक आपल्या न्यूराला शाळेतून घेऊन येतोय, गोठलेल्या नदीवरून. तिखोनकडे कुऱ्हाडीखेरीज काही नाही. माझ्या तोंडचं पाणी पळालंय, आणि तुमचं चाललंय ओलांडली का नि ओलांडली का!

निकीफोर : काडतुसं किती?

उल्याना : तीन. त्यातलं एक सकाळचं, न उडालेलं. मामंजी, मी लगेच दोन बार काढते. दोन म्हणजे 'आहात तिथेच थांबा'. तो नदीवरच थांबेल.

निकीफोर : आणि दुसरा उडालाच नाही तर?

उल्याना : तर त्याला एकच ऐकू जाईल.

निकीफोर : एक बार म्हणजे 'धावत या'. तिखोन नदी सोडून आडवा घुसेल. झुडपातून. पोरीला पाठीवर घेऊन.

उल्याना : अगं आई गं.

निकीफोर : हातपाय गाळू नकोस. सूर्य किती राहिला?

उल्याना : डोंगरावर तीन बोटं.

निकीफोर : पुष्कळ आहे. न उडालेलं काडतूस दे इकडे. हं. बुडाच्या टोपीवर बोट फिरव. खड्डा पडायला हवा, हा नुसता ओरखडा आहे. बंदुकीची सुई जोरात बसलीच नाही.

उल्याना : स्प्रिंग मेली असेल.

निकीफोर : मेली तुझी अक्कल. रोज संध्याकाळी इथे बसून खटका दाबून बघतो मी. खणखणीत वाजते.

उल्याना : इथे म्हणजे चुलीपाशी. बाहेर कधी बघितलंत?

निकीफोर : बाहेर मला कोण नेतंय?

उल्याना : आत्ताच बाहेरून आणलीय, अजून गार आहे. थांबा. रिकामी आहे, बघून घेतलं. नळी वर करून आत सुईपर्यंत बारीक काडी सोडते. आता दाबते. वीतभर उडाली, मामंजी. तेवढीच.

निकीफोर : तिनं छताला लागायला हवं. मागचा बोल्ट काढ, सुई-स्प्रिंग त्यातच आहे.

उल्याना : काढला. हे काय भरलंय आत? पिवळं, मेणासारखं. घट्ट बसलंय स्प्रिंगभोवती. वास... चरबी आहे ही!

निकीफोर : दे इकडे. हुंगू दे.

उल्याना : मामंजी?

निकीफोर : जेवण घालतो मी तिला.

उल्याना : काय?

निकीफोर : शिकार मिळाली की बंदुकीला चरबी चाटवायची. माझा बाप करायचा, त्याचा बाप करायचा.

उल्याना : शिकार मिळाली की! तीन हिवाळे झाले, तुम्ही काय मारलंत?

निकीफोर : काही नाही. म्हणूनच तर. वाटायचं, उपाशी ठेवली तर मला विसरून जाईल. लाकडाला लावायचो गं. बोटं आत कधी गेली ते कळलं नाही. डोळे नाहीत ना.

उल्याना : रोज लावत होतात?

निकीफोर : रोज.

उल्याना : चुलीपाशी वितळते, बाहेर गोठते. आणि मघापासून खापर माझ्या माथ्यावर!

निकीफोर : ओरड. हवं तेवढं ओरड, पण हात चालू ठेव. किटलीतलं उकळतं पाणी ओत त्यावर. पूस. मग चुलीवर धर. थेंब राहिला तर त्याचा बर्फ होईल. तेलबिल काही लावायचं नाही. कोरडी ठेव.

उल्याना : झालं. आता बसवते.

निकीफोर : आणि दारात बसून ती बाहेर धर, गार होऊ दे. खरी परीक्षा गारठ्यातच. तोवर डावीकडची भानगड. नळीच्या टोकावरची नेमाची माशी जागेवर आहे?

उल्याना : खुणेला खूण जुळतेय.

निकीफोर : मग बर्चच्या सालीची पट्टी घे. नळी आणि लाकूड यांच्यामधून सरकव.

उल्याना : जातेय... जातेय... अडकली. कातड्यापाशी.

निकीफोर : कुठलं कातडं?

उल्याना : बर्फ पडायच्या आधी हरणावरून पडली होती ती. लाकूड चिरलं. मी ओलं कातडं गुंडाळलं. नळीसकट.

निकीफोर : ओलं? नळीसकट?

उल्याना : स्लेजला आपण तसंच करतो ना! सुकलं की गच्च आवळतं.

निकीफोर : स्लेजला नेम धरावा लागत नाही, बाई. त्यानं नळी ओढून धरलीय एका अंगाला.

उल्याना : म्हणजे पंजाला लागली ती माझ्यामुळे.

निकीफोर : आणि टक् झालं ते माझ्यामुळे. फिट्टंफाट. काप ते. मागे मुठीपाशी बांध, नळीला शिवू देऊ नकोस.

उल्याना : मामंजी, कुत्रा गप का झाला?

निकीफोर : काप तू.

उल्याना : इतका वेळ भुंकत होता.

निकीफोर : गुरगुरतोय. मला ऐकू येतंय. आजोबा जागा बदलतायत. काप!

उल्याना : कापलं. पट्टी सरळ जातेय आता. बाहेर काडी घालून बघते... छताच्या वर गेली, मामंजी! दिसेनाशी झाली!

निकीफोर : मला धरून ने बाहेर.

(तंबूबाहेर. उल्याना बंदूक घेऊन उभी. निकीफोर तिच्या पाठीला पाठ लावून, तोंड झुडपाकडे.)

निकीफोर : आधी सकाळचं काडतूस. नाही उडालं तर आवाजच नाही, काही बिघडत नाही. उडालं तर लगेच नवं भरायचं. नेम कशावर?

उल्याना : समोरच्या लार्चवर. साल काढलेली पांढरी खूण.

निकीफोर : मार.

उल्याना : उडालं!

निकीफोर : बोलू नकोस, भर!

उल्याना : बोटं वळत नाहीत... पडलं! बर्फात पडलं!

निकीफोर : उचल. पूस आधी. नीट पूस.

उल्याना : आवाज विरत चाललाय, तो निघेल, तो निघाला असेल—

निकीफोर : घाल!

उल्याना : घातलं. मारते.

निकीफोर : झाला. दोन. आता श्वासही घेऊ नकोस.

उल्याना : काही येत नाहीये. उशीर झाला. एकच बार धरला असेल त्यानं. ती फांदी हलली, मामंजी, खालची—

निकीफोर : शू. कुऱ्हाडीची पाठ. वाळक्या झाडावर. एक... दोन.

उल्याना : कुठून? झुडपातून?

निकीफोर : नदीवरून. वळणापलीकडून. थांबलाय तो. थांब, अजून आहेत. दोन हलके.

उल्याना : न्यूरा! तिनंही ठोकले!

निकीफोर : रडायचं नंतर. गोळ्या कुठे बसल्या?

उल्याना : खुणेत. दोन्ही.

निकीफोर : एक उरलीय. ओढ्याच्या बर्फावरून त्यांच्याकडे नदीवर उतर, मधोमध. झुडपाला वळसा. कुत्रा सोबत घे, तो थांबला की तूही थांब.

उल्याना : मला खूप भीती वाटतेय.

निकीफोर : मलाही. जा.

उल्याना : थांबा, चरबी. तिला निघण्याआधीच देऊ का? आज काही राहायला नको, मामंजी. बोटभर लावते.

निकीफोर : ती मी चुलीला घालतो. तिला आज उपाशीच जाऊ दे.