पिसानाचा चौथा दिवस

रुसे शहरातल्या जनावरांच्या दवाखान्यात नेवेना आपल्या कुत्र्याला लस द्यायला घेऊन बसली होती. शेजारी रिकामी टोपली मांडीवर घेतलेला एक म्हातारा आणि बोका घेऊन आलेली एक तरुण बाई एकमेकांशी बोलत होते. न ऐकण्याचा प्रयत्न करूनही नेवेनाला सगळं ऐकू येत होतं.

"काय झालंय मांजरीला, काका?"

"चार दिवस पिसानाला शी नाही, पोरी. आत एनिमा देताहेत."

"थायरॉईड आहे का? माझ्या बोक्यालाही आहे."

"तीन वर्षं झाली. गोळी मात्र मी एक दिवस चुकवली नाही."

"आणि खायला?"

"कोरडा खाऊ. वाडग्यात ओतला की झालं."

"अहो, कोरड्यानं आणखी घट्ट होतं! ओलं द्या, पाणी दोन-तीन ठिकाणी ठेवा. डॉक्टरांना विचारून उकडलेला भोपळा कालवा."

"भोपळा दोब्रिंका कालवायची. मला वाटायचं, नुसते लाड."

"दोब्रिंका कोण?"

"माझी बायको. मार्चमध्ये गेली."

आतून नर्स आली. "आजोबा, झाली हो पिसानाला! भरपूर झाली!"

"ऐकलंस, पोरी? झाली!"

"ऐकलं, काका. सुटलात."

"दोब्रिंका हेच सांगायची, ऐन न्याहारीला. मी बशी उचलून बाल्कनीत जायचो. म्हणायचो, खाताना दुसरा विषय नाही का तुला?"

"कुणीही म्हणेल, काका."

"मग तिनं मला सांगणंच सोडलं. मांजरीलाच म्हणायची, 'शाब्बास गं माझी बाय.' मला बाल्कनीत ऐकू यायचं."