शेगडी एकाची, कुकर दुसऱ्याचा

खरं सांगू? हे मी लिहून काढणारच नव्हतो. कीर्तन बोलायचं असतं. बोललेलं हवेत जातं, विसरता येतं. लिहिलं की राहिलं! त्यात मला कुणी गुरूनं बसवून शिकवलेलं नाही. मोबाईलवर ऐकून ऐकून, आरशापुढं उभा राहून शिकलो. पण आमचा मृदंगवाला गजा हटून बसला. "लोणवाडीच्या सप्ताहात बोललास ना, तस्संच्या तसं टाईप कर. शेवटासकट. शेवट गाळलास तर बघ!"

तर घ्या. शेवटासकट.

मंडळी, बोला रामकृष्ण हरी! असं नाही, जेवल्यासारखं बोला! हां! पुढं सरका, जागा आहे. मोबाईल बंद करा — तुमचा नाही हो आप्पा, तुमचा राहू द्या चालू, सूनबाईचा फोन येणाराय ना!

आणि मागं आमच्या माताभगिनी बघा. कशा शांत बसल्यात! एक शब्द नाही! याला म्हणतात श्रवण! पुरुष मंडळींनो, शिका जरा.

काय रे गजा? उपरणं कशाला ओढतोस? थांब. आत्ता कुठं सुरू करतोय.

तर आज एकच प्रश्न विचारतो. माणूस भांडणात हरतो कधी? समोरचा जास्त ओरडला की? समोरच्याकडं माणसं जास्त असली की? का... समोरचा काय म्हणतोय ते आपल्याला कळलं की? आं? नका सांगू. घरी भांडून आलेले बरेच दिसतायत, त्यांना उत्तर येत नसणार. ऐका!

तालुक्याच्या गावाला एक कॉलेज. कॉलेजात पोरापोरींचं चर्चा मंडळ. दर शनिवारी दुपारी, जिमखान्याच्या मागच्या खोलीत. विषय कुठला? राजकारण! चालू राजकारण! कुणाचं सरकार पडणार, कुणाची युती होणार, आरक्षण, निवडणुका, सगळं! दिल्लीला काय चाललंय ते यांना पाठ, आणि खोलीतला पंखा महिनाभर बंद, त्याबद्दल ठराव नाही! हसू नका, तुमच्या पारावर वेगळं काय होतं?

मंडळाची अध्यक्ष एक मुलगी, कावेरी जायभाये. हातात स्टीलचा पेला आणि चमचा. कुणी जास्त बोललं की — टण्ण! तिनं मंडळाला एक नियम घालून दिलेला. आधी त्याचं, मग आपलं! म्हणजे काय? समोरचा बोलला, तुम्हाला त्याला खोडून काढायचंय, तर आधी उभं राहायचं आणि त्याचं म्हणणं आपल्या तोंडानं सांगायचं. नीट. त्यानं "बरोबर" म्हणायचं. मगच आपलं तोंड उघडायचं. "बरोबर" नाही मिळालं, तर बस खाली!

काय नियम आहे! हा नियम आमच्या विधानसभेत लावला तर अधिवेशन मुक्यानंच संपायचं!

टाळकरी, म्हणा — आधी त्याचं, मग आपलं! वाजव गजा! ... धिं नंतर तो ठोका कशाचा घेतलास रे मध्येच? काही सांगायचंय? नंतर. नंतर.

या मंडळात एक गडी होता, सोपान गाडेकर. आवाज असा, की त्यानं खोलीत "मित्रहो" म्हटलं की स्टँडवरची माणसं वळून बघायची. हुशार होता, वाचायचा, पण एक खोड. दुसरा बोलत असताना हा ऐकत नसायचा. मनात आपलं भाषण जुळवत बसायचा. तोंडावर भाव असा की समाधी लागलीय, आणि आत? आत जुळवाजुळव! मग नियम कसा पाळायचा? समोरच्याचं काहीतरी वेडंवाकडं सांगायचा. समोरचा म्हणायचा, "नाही, तसं नाही." हा पुन्हा वेडंवाकडं सांगायचा. शेवटी समोरचा कंटाळून म्हणायचा, "बरं बाबा, बरोबर. बोल तुझं." झालं! सुटली गाडी!

आणि याचा खोलीतला जोडीदार अंकुश लहाने. हळू बोलणारा. दोघं एका खोलीत भाड्यानं राहायचे. शेगडी अंकुशची, कुकर सोपानचा. एकट्याला काहीच शिजवता येत नाही! संसार म्हणजे दुसरं काय असतं हो मंडळी?

एका शनिवारी विषय निघाला — सरपंच थेट लोकांनी निवडावा, का निवडून आलेल्या मेंबरांनी? आता इथं बघा कसे सगळे सावध झाले! डावीकडचं पॅनल ताठ बसलं, उजवीकडचं पॅनल ताठ बसलं! अहो, तुमचं नाही सांगत, तालुक्याचं सांगतोय!

अंकुश उठला. म्हणाला, "माझ्या मते मेंबरांनी निवडावा."

बस्स. एवढं ऐकलं आणि सोपानचं कान-खातं बंद! पुढं अंकुश बोलत होता, कारण सांगत होता. सोपान इकडं जुळवत होता. अंकुश बसला आणि सोपान उठला.

"अंकुशचं म्हणणं असं की, मेंबरं गाडीत घालून देवदर्शनाला न्यायची, मोबाईल काढून घ्यायचे, मतदानादिवशीच परत आणायची, हा धंदा चालू राहावा!"

सगळे हसले. अंकुश म्हणाला, "नाही. मी असं म्हणालो नाही."

"मग लोकांना अक्कल नाही, असं म्हणालास."

"नाही."

आता नेहमीप्रमाणं अंकुशनं कंटाळावं ना? नाही कंटाळला! तिसऱ्यांदाही "नाही"! तेव्हा सोपानचा तोल गेला. म्हणाला, "हे तू बोलत नाहीस अंकुश. तुझ्यामागं कुणीतरी पुढारी बोलतोय. कुणाच्या चहाला लागलास?"



मंडळी, भांडणात माणूस मताला मारतो तोवर ठीक. माणसाला मारलं की संपलं. अंकुशनं वही नाही, पेन नाही, काही नाही उचललं. नुसता उठला आणि गेला. दारात थांबून एवढंच म्हणाला, "पुढच्या रविवारी मी खोली सोडतोय. शेगडी घेऊन जाईन."

आणि कावेरी? टण्ण! "सोपान गाडेकर, अंकुशकडून 'बरोबर' मिळेपर्यंत तुला या खोलीत बोलायची परवानगी नाही. कुठल्याच विषयावर."

अरे देवा! माशाला सांगितलं पाण्यात जाऊ नको!

संध्याकाळी खोलीवर आला सोपान. बघतो तर अंकुशची बॅग भरलेली. कुकर कोपऱ्यात तोंड वासून बसलेला. सोपान म्हणाला, "लेका, एक शब्द आहे. बरोबर! म्हणून टाक ना!"

अंकुश म्हणाला, "काय बरोबर?"

"माझं बरोबर!"

"तुझं काय सांगितलंस तू? माझं सांगायचं होतं."

"मग तुझं बरोबर म्हण!"

"माझं काय आहे, सांग की."

आता सांगणार काय? ठाऊकच नाही! मंडळी, ज्या मताशी गडी दुपारभर लढला, ते मत काय होतं हेच गड्याला ठाऊक नाही! हसा, हसा. घरी जाऊन आठवा, सकाळी बायको नेमकं कशावरून चिडली होती? आं? आता का नाही हसत?

बघा, मागं माताभगिनी या विनोदालासुद्धा हसल्या नाहीत. केवढा संयम! काय गजा? खाकरू नको. घसा बसला तर लवंग धर तोंडात.

मग सोपाननं सराव सुरू केला. कुणीही बोललं की त्याचं म्हणणं आधी सांगून बघायचा. सलूनमध्ये न्हावी म्हणाला, "बारीक करू का?" सोपान म्हणाला, "तुमचं म्हणणं असं की माझे केस फार वाढलेत आणि मला ते शोभत नाहीत." न्हावी म्हणाला, "मी असं कधी म्हणालो? पण बरोबर आहे!" आईचा फोन आला. "जेवलास का?" हा म्हणाला, "तुझं म्हणणं असं की मी जेवत नाही, पैसे उडवतो, आणि गावाकडं येत नाही." आई म्हणाली, "इतक्या वर्षांत पहिल्यांदा कळलं रे तुला!"

म्हणा — आधी त्याचं, मग आपलं!

पण अंकुशपुढं डाळ शिजेना. खरी डाळसुद्धा शिजेना, शेगडी बॅगेजवळ बांधून ठेवलेली! दोघं फरसाण खाऊन दिवस काढतायत. शुक्रवार उजाडला. उद्या शनिवारची चर्चा. परवा अंकुश जाणार.

तेव्हा सोपान अंकुशपुढं मांडी घालून बसला. म्हणाला, "मला जमत नाही. तूच सांग. मी गप्प बसतो."

"तू? गप्प?"

"हो."

"उचकी लागेल तुला."

"लागू दे. सांग."

अंकुशनं बघितलं त्याच्याकडं. मग उठला, शेगडी सोडली, पेटवली. भात-डाळ कुकरला लावली. आणि कुकरकडं बघत बोलायला लागला, कारण काही गोष्टी माणसाकडं बघून बोलता येत नाहीत.

"आमची आई सरपंच आहे. थेट लोकांनी निवडून दिलीय. लोकांनी तिला दिलं, मेंबर मात्र बहुतेक समोरच्या पॅनलचे दिले. आता आई खुर्चीवर आणि बहुमत समोर. टाकीचा व्हॉल्व्ह बदलायचा ठराव मांडला — नामंजूर. शाळेपुढचा खड्डा — नामंजूर. गावातल्या बाया आईला विचारतात, पाणी का येत नाही? आई काय सांगणार? रात्री जेवत नाही ती. परवा फोनवर म्हणाली, लोकांनी मला डोक्यावर घेतलं रे, पण पाय टेकायला जागाच ठेवली नाही. म्हणून मी म्हणालो, खुर्चीवर जो बसेल त्याच्यामागं निदान माणसं असावीत. एवढंच."

सोपानच्या तोंडातून चार वेळा शब्द वर आले, चार वेळा त्यानं गिळले. खरंच उचकी लागली! पण बोलला नाही. अंकुशचं संपलं, कुकरची शिट्टी झाली, तेव्हा हळूच म्हणाला, "तुझी आई सरपंच? कधी झाली?"

अंकुश म्हणाला, "पेढे खाल्लेस की!"

"ते... ते ताईच्या साखरपुड्याचे होते ना?"

"मला बहीणच नाही, सोपान!"

अरे अरे अरे! मंडळी, पेढा खाल्ला! गोड म्हणाला! आणखी मागितला! आणि कशाचा ते ऐकलंच नाही! देवळात आपण प्रसाद घेतो, तेव्हा आपलं तरी काय वेगळं होतं?

शनिवार आला. खोली भरलेली. सोपान उठला. कावेरीचा चमचा पेल्यावर तयार!

सोपान म्हणाला, "आधी त्याचं. अंकुश म्हणतो, लोकांनी एक माणूस खुर्चीवर बसवायचा आणि त्याचे हात बांधायला समोर दहा माणसं बसवायची, हा कौल नाही, ही शिक्षा आहे. ज्याच्याकडून काम हवं, त्याला साथही द्या. साथ देता येत नसेल, तर ज्याला साथ आहे त्यालाच बसवा. आणि अंकुश हे पुस्तकात वाचून सांगत नाही. ज्या घरातल्या बाईला हे रोज सोसावं लागतं, त्या घरातून सांगतोय. त्यानं घरचं नाव घेतलं नाही, कारण त्याला कुणाची कीव नको होती. नाव घ्यायची परवानगी मी आज सकाळी मागून घेतली. त्याची आई सरपंच आहे. मी त्याला विचारलं होतं, कुणाच्या चहाला लागलास. तर मंडळी, तो आईच्या चहाला लागलाय."

 कावेरीनं अंकुशकडं बघितलं.

अंकुश म्हणाला, "बरोबर." मग म्हणाला, "माझ्यापेक्षा चांगलं सांगितलंस."

आता? आता सोपानला बोलायचा हक्क! आठवडाभर तुंबलेला माणूस! सगळे मागं सरकून बसले, धरण फुटणार म्हणून!

सोपान म्हणाला, "आता माझं. माझं मत अजून तेच आहे. सरपंच लोकांनीच निवडावा. पण मागच्या शनिवारी मी मतावर नाही, मित्रावर बोललो. ते चुकलं." आणि बसला! एवढंच! कावेरीचा चमचा हातातच राहिला!

मग अंकुश उठला. नियम म्हणजे नियम, आधी सोपानचं सांगायचं. म्हणाला, "सोपानचं म्हणणं असं, की शेगडी नेऊ नको, मला फरसाणानं ॲसिडिटी झालीय."

सोपान ओरडला, "बरोबर!!"

पंखा बंद होता, तरी वारा आला म्हणतात!

रविवारी बॅग रिकामी झाली. सरपंच थेट का मेंबरांतून, हा वाद त्या खोलीत अजून चालू आहे. पण कुकरच्या शिट्ट्या होत होत चालतो.

आता मंडळी, इकडं बघा. डावीकडचे, उजवीकडचे, दोघंही. पुढच्या महिन्यात तुमची ग्रामसभा आहे. मारामारी होणार, हे मला आल्या आल्या चहावाल्यानं सांगितलं! मी म्हणतो, भांडा. जरूर भांडा! पण उठाल तेव्हा आधी समोरच्याचं सांगा. त्याच्या तोंडून "बरोबर" घ्या. घरीसुद्धा करून बघा. बायकोचं म्हणणं बायकोला सांगून बघा. ती "बरोबर" म्हणाली तर मला कळवा, मी त्या घरी येऊन पाया पडेन! बोलणारे फार झाले. ऐकायला शिका! या मागच्या माताभगिनींसारखं —

"महाराज!"

काय आहे रे गजा? सारखं सारखं! बोल!

"महाराज, बायकांच्या बाजूचा स्पीकर बंद आहे. सुरुवातीपासून. तेच सांगत होतो. आत्ता वायर जोडली."

 आणि मागून एक म्हातारी उठली, पदर सावरला, आणि मोठ्यानं विचारलं, "आला का आवाज? मग करा की सुरू कीर्तन, महाराज!"

पुढचा सगळा मंडप लोळायला लागला. दोन्ही पॅनलं एकमेकांच्या अंगावर पडून हसत होती. मी माईक हातात धरून उभा. 

मृदंगाजवळ जाऊन बसलो. माईक चालूच होता, आता दोन्हीकडं. म्हणालो, "गजा, तुझं म्हणणं असं, की मी ऐकण्यावर कीर्तन केलं आणि शेजारी बसलेल्या दोस्ताचं ऐकलं नाही."

गजा म्हणाला, "बरोबर."

"मग आता माझं. हे आख्यान आत्ता पहिल्यापासून पुन्हा सांगतो, मागच्यांसाठी. आणि सगळ्या लोणवाडीदेखत तुला शब्द देतो गजा, इथून पुढं तुझा हात मृदंगावरून उठला, की माझं तोंड मिटलं."