फैजपूरचा फुगलेला कॉम्प्युटर

अरे, नव्वदच्या दशकात मी जळगावात बसून सहकारी सोसायट्यांना कॉम्प्युटर प्रोग्राम करून द्यायचो ना, तेव्हाची गंमत. एकदा फैजपूरच्या केळी सोसायटीतून सेक्रेटरी नानांचा फोन आला.

"साहेब, एका शेतकऱ्याचं नाव शोधायला हा कॉम्प्युटर अर्धा तास लावून राह्यला. नावाशिवाय पावती निघत नाही, दारात केळीचे ट्रक उभे. माल काळा पडीन ना!"

कारण मला लगेच कळलं. त्या काळी नोंद डिलीट केली तरी ती नुसती दिसेनाशी व्हायची, जायची नाही. अशा नोंदी साठून फाइल फुगली होती. त्या खरोखर काढून टाकायच्या कमांडचं नाव होतं पॅक.

"नाना, घाबरू नका. फक्त पॅक करा."

"सगळं?"

"हो, सगळं."

दुपारी नाना जीप घेऊन माझ्या दारात. मागच्या सीटवर केळीच्या वाळक्या पानांत गुंडाळून, सुतळीने आवळलेला कॉम्प्युटर.

"पॅक केला. ओरखडा पडू दिला नाही."

"आणि ट्रक?"

"उभेच आहेत. लवकर करा!"

मी पानं सोडवली, मशीन लावलं आणि कमांड दिली. फाइल आटली, नाव झटकन सापडलं. नाना खूश.

"एका जागी बसून आखडलं होतं बिचारं. फिरवून आणलं, मोकळं झालं!"

समजावायला मी तोंड उघडलं, पण नाना पुन्हा पानं गुंडाळायला लागले होते.

पुढच्या हंगामात जीप परत दारात.

"काय झालं, नाना?"

"काही नाही. आखडायच्या आधीच म्हटलं, फिरवून आणू."