नवस न घेणारा देव

देवपूरच्या एका दवाखान्यात, वॉर्डाबाहेरच्या बाकावर हितेंद्र वडिलांचा रिपोर्ट वाचत होता. डोळे कागदावर, कान मात्र शेजारी बसलेल्या दोन अनोळखी जावांकडे.

"कोकिळा, बठ्ठं गाव बोलून राहिलं, तू येशूच्या प्रार्थनेला जातेस म्हणून!"

"जाते, अक्का. दर रविवारी."

"नवस काय बोललीस?"

"कोंबडं बोलले होते. पास्टर म्हणाले, येशू नवस घेत नाही."

"अगं, मग बोकड बोलायचा!"

"नारळसुद्धा नको म्हणाले."

"काहीच न घेणारा देव काम कशाला करेल? आपली कानबाई बघ. रोटांचा नैवेद्य घेते, म्हणून हक्कानं मागता येतं. तुझ्या येशूचा गुण आला का?"

"अजून नाही."

"मग जातेस कशाला?"

"तिथली माणसं ह्यांच्याबद्दल विचारतात, योगराजभाऊ जेवले का, झोपले का."

"एवढंच? ते तर आम्हीही विचारलं असतं!"

"अक्का, तीन महिन्यांनी आज आलात. अर्धा तास येशूचीच चौकशी चाललीय. तुमचे दीर आत आहेत, त्यांचीही करा."

"जाते ना. आधी सांग, उशाशी येशूचा फोटो तर नाही ठेवलास?"