पेटीतला घास

(नाशिक, सिडकोतल्या एका दुमजली घराची गच्ची. पितृपक्षातली दुपार. कठड्यावर केळीच्या पानावर घास मांडलेला. पाण्याच्या टाकीवर एक कावळा. सासू नवसाबाई, सून उज्वला आणि नामपूरहून आलेली लेक छाया.)

नवसाबाई: खरं सांग उज्वले, ह्या पानावरचं काय काय तुझ्या त्या बर्फाच्या पेटीतलं हाय?

उज्वला: चौथ्यांदा विचारताय, आई. पहाटे चारला उठलेय मी. भोपळा, गवार कालची. कारली सकाळी दारावर घेतली. वडे तर तुमच्या डोळ्यांदेखत तळले.

नवसाबाई: मग तो शिवत का नाय? दीड तास झाला. तुझे सासरे टाकीवर बसून नुसते बघत्यात.

उज्वला: सासरे नाहीत, कावळा आहे तो.

नवसाबाई: ऐकलंस छाये? सासऱ्याला कावळा म्हणती.

छाया: वहिनी, आज तरी जरा जपून बोल. खाली पाच माणसं पाटावर बसलीत. शेखरदादाचा दोनदा फोन आला. आई म्हणते कावळा शिवल्याशिवाय वाढायचं नाही, आणि ती माणसं आता रिकाम्या पानाकडे बघायला लागलीत.

उज्वला: मग वाढा ना. मी कुठे हात धरलाय?

नवसाबाई: धन्याच्या तोंडात घास नाय आन् लोकांना वाढू? बरं, खिरीतला नारळ कुठला?

उज्वला: खिरीतला?

नवसाबाई: व्हय, खिरीतला. सकाळधरनं नारळ फोडल्याचा आवाज नाय आला मला. मला कमी दिसतं, कमी ऐकू येत नाय.

उज्वला: तो आधी खवून ठेवलेला होता. श्रावणात तुमच्याच देवापुढे चार नारळ फुटले. दोन दिवसांत बुरशी आली असती. खवले, डब्यात भरले, फ्रीजरला टाकले.

नवसाबाई: सापडलं! श्रावणातला नारळ भाद्रपदात, आन् तोबी गेलेल्या माणसाला! कावळ्याला अक्कल हाय. माझ्या लेकाला तेवढी असती, तर ही पेटी घरात आली नसती.

उज्वला: कावळ्याला एवढी अक्कल आहे, तर ताईंच्या पुऱ्यांना का नाही शिवला? त्याही पानावरच आहेत.

छाया: माझ्या पुऱ्या ताज्या आहेत हं.

उज्वला: काल संध्याकाळी तळल्या. सकाळी तीन तास एसटीत होत्या.

छाया: ते शिळं नसतं. ते प्रवासातलं असतं.

उज्वला: असं होय! मग माझा नारळही प्रवासातला. श्रावणात निघाला, आज पोचला.

नवसाबाई: तोंड बघ, तोंड! ह्या तोंडाला ठेव त्या पेटीत, सहा महिने. तू हसू नको, छाये. आपल्या दिंडोरीच्या गोटीरामाच्या सुनेनं अशीच पेटी आणली होती. महिन्याच्या चपात्या एकदम लाटून गोठवायची. एक दिवस त्यातली एक म्हशीनं खाल्ली. तीन दिवस धारेला कुल्फी येत होती.

छाया: आई!

नवसाबाई: ह्या डोळ्यांनी बघितलंय. गोटीराम कानाला मफलर बांधून धारेला बसायचा.

उज्वला: मग काडी खोचून विकली का नाही? गंगेवर, रामकुंडापाशी रांग लागली असती.

नवसाबाई: विकली की. पण चौथ्या दिवशी म्हैस खोकायला लागली. खोकून खोकून मेली. जसे हे गेले.

उज्वला: काय म्हणालात?

छाया: आई, आज नको.

नवसाबाई: का नको? वर्ष झालं गिळून बसलेय. ह्यांची छाती भरली ती कशानं? ह्या पेटीनं. रोज दुपारी काहीतरी गार द्यायची ही. हिच्या हातात वाटी, वाटीला बाहेरून घाम सुटलेला, आन् मी आत गेले की वाटी ओढणीआड. मी काय आंधळी हाय?

उज्वला: त्यांना काय झालं होतं ते डॉक्टरांनी तुमच्यासमोर सांगितलं. फुप्फुसात गाठ होती. गाठ फ्रीजरमधून येत नाही.

नवसाबाई: डॉक्टरच्या घरीबी असंल पेटी. तो कशाला पेटीला नाव ठेवंल? ते जाऊ दे. चार वाजता भंगारवाला येतोय, टेम्पो घेऊन.

उज्वला: कशाला?

नवसाबाई: कशाला म्हणजे? पेटी न्यायला. शेखरला सांगितलंय मी.

उज्वला: शेखरला माहीत आहे?

छाया: दादा म्हणाला, आजच्या दिवस आईचं मन राखू, मागाहून बघू.

उज्वला: मागाहून काय बघायचं? साडेसहाला कंपनीची बस नाक्यावर येते, ताई. सातपूरला आठ तास उभी असते मी. रविवारी दिवसभर मटार सोलते, मेथी निवडते, टोमॅटो स्वस्त असले की दहा किलो शिजवून ठेवते, चपात्या लाटते, डब्यांवर तारखा घालते. तेव्हा कुठे आठवडाभर ह्या घरात दोन वेळा ताट वाढलं जातं. पेटी गेली की माझी नोकरी गेली. सरळ तसं म्हणा ना!

नवसाबाई: मी नाय म्हणाले. तूच म्हणालीस. बरं झालं.

उज्वला: आणि पेटीच्या आधी काय व्हायचं? शुक्रवार उजाडला की अर्धी मेथी पिवळी, टोमॅटो फुटलेले, वांग्यात अळ्या. नाना स्वतः बादली घेऊन घंटागाडीपर्यंत जायचे आणि त्या दिवशी धड जेवायचे नाहीत. ज्यानं पिकवलंय त्याला फेकणं सोसत नाही. पेटी आली तेव्हा जिन्याखाली जागा करून देणारे नानाच होते.

नवसाबाई: ह्यांचं मला सांगू नको. चव्वेचाळीस वर्षं नांदले मी ह्यांच्याशी. तू किती? अकरा.

छाया: अगं भांडू नका, तो पंख झटकायला लागला! आई, काहीतरी कबूल कर ना. दहाव्याला रामकुंडावर काय झालं होतं? दादा म्हणाला, आईला अंतर देणार नाही, तेव्हा कुठे शिवला.

नवसाबाई: सरक. मी बोलते. अहो, ऐकताय का? तुमच्या मनातलं कळलंय मला. ती पेटी आजच्या आज भंगारात घालते. या आता, खा दोन घास.

छाया: आला! आई, कठड्यावर आला!

नवसाबाई: बघ! बघितलंस, उज्वले? अजून काय पुरावा पाहिजे?

उज्वला: नीट बघा. शेजारच्यांचे पापड वाळत घातलेत, तिकडे नजर आहे त्याची. हं. गेला परत टाकीवर. आता मी बोलते. नाना, पेटी ह्या घरातून हलू देणार नाही. या.

छाया: पाठ फिरवली गं.

नवसाबाई: पाठ फिरवली! सासऱ्यानं सुनेला पाठ दाखवली, जन्मात बघितलं नव्हतं.

उज्वला: तुम्हाला तरी चोच कुठे दाखवली?

नवसाबाई: छाये, तू बोल. लेकीची माया वेगळी असती.

छाया: नाना... मी दर दोन महिन्यांनी येत जाईन. आठ-आठ दिवस राहीन.

उज्वला: आता तो नाशिक सोडूनच जाईल.

छाया: वहिनी! आई, ऐक, गुरुजींना फोन करते. दर्भाचा कावळा करतात, त्याला शिववलं तरी चालतं म्हणे.

नवसाबाई: गवताचा कावळा? माणूस गेला ते दोन महिने पेजेवर राहून, आन् आता गवत शिववू? मुळीच नाय. ह्यांना काहीतरी पाहिजे. पण काय पाहिजे? कढी केली. अळूवडी केली. गुळातली खीर केली. ह्यांच्या आवडीचं राहिलं काय?

उज्वला: मला माहीत आहे.

नवसाबाई: तुला काय माहीत हाय?

उज्वला: नाही सांगत. सांगितलं तर म्हणाल, त्यानंच मारलं.

छाया: सांग गं. खाली माणसं उपाशी आहेत.

उज्वला: द्राक्षं.

नवसाबाई: द्राक्षं? साखर तीनशेच्या वर होती ह्यांची. एक मणी दिसू दिला नाय मी.

उज्वला: म्हणून तर. औषधांनी तोंड आतून सोलून निघालं होतं, साधं पाणी झोंबायचं. एक दिवस म्हणाले, उज्वला, एखादा गार मणी असता तर तोंडात धरला असता. अख्खा जन्म मांडवाखाली गेला त्यांचा. आधी लोकांच्या बागा छाटल्या, मग स्वतःची पाऊण एकर उभी केली. आणि मागितला काय, तर एक मणी. आषाढ होता. आषाढात द्राक्षं कुठली? पण मी फेब्रुवारीत पोरांसाठी दोन किलो धुऊन, कोरडी करून, ताटात पसरून गोठवली होती. मणी मणी सुटा. रोज दुपारी तीन-चार द्यायचे. चावायचे नाहीत ते. गालात धरून ठेवायचे, विरेपर्यंत. तीच ती वाटी.

नवसाबाई: चोरून.

उज्वला: हो. चोरून.

नवसाबाई: माझ्यापासून चोरून! मी उंबऱ्यापाशी भिंतीला टेकून बसलेली. दिवस नाय, रात नाय. हाताच्या अंतरावर. मला एका शब्दानं म्हणता आलं नाय ह्यांना?

उज्वला: मीच म्हटलं, आईंना सांगू का? तर म्हणाले, नको. ती आधी बोंबलंल, मग रडंल. बोंबललेलं चालतंय मला.

छाया: हे नानाच बोलले असणार.

नवसाबाई: तू गप. कोणी विचारलं तुला?

छाया: बरं, मी गप.

नवसाबाई: आता द्राक्षं कुठनं आणायची? भाद्रपद हाय. दिंडोरीत बागा अजून छाटल्यापण नसतील.

छाया: मॉलमध्ये परदेशातली मिळतात म्हणे.

नवसाबाई: परदेशातली? ती ह्यांनी ओळखायची कशी?

उज्वला: खाली आहेत. आपल्याकडचीच.

नवसाबाई: खाली कुठं?

उज्वला: तुम्हाला माहीत आहे कुठं.

नवसाबाई: हे जाऊन वर्ष उलटलं. तेव्हाची जुनी घालतीस?

उज्वला: यंदाच्या फेब्रुवारीतली आहेत.

छाया: यंदाची? पोरं खातात का अजून?

उज्वला: त्यांना नाही आवडत. दात शिवशिवतात म्हणतात.

छाया: मग यंदा कोणासाठी भरलीस?

उज्वला: माहीत नाही. बाजारात चांगली दिसली. हात गेला.

नवसाबाई: छाये, जा. चार मणी घेऊन ये.

उज्वला: ताईंना सापडणार नाहीत. साठ डबे आहेत. मला सांगा.

नवसाबाई: तेच सांगितलं ना? चार मणी आण.

उज्वला: कुठून आणू?

नवसाबाई: माझा अंत बघू नको, उज्वले.

उज्वला: दीड तास तुम्ही माझा बघताय. कुठून आणू?

नवसाबाई: पेटीतून.

उज्वला: चार वाजता भंगारात जाणाऱ्या?

नवसाबाई: तुझ्या पेटीतून, बाई! तुझ्या. जिन्याखालच्या. जा, आण. ऊन कलतंय.

छाया: गेली. आई, फार बोललीस तू तिला.

नवसाबाई: तीबी काय मुकी नाय.

छाया: नाना असे लपवून खात होते, तुला खरंच कळलं नाही?

नवसाबाई: शेवटी शेवटी ह्यांच्या तोंडाला गोड वास यायचा. मला वाटलं, औषधाचा.

छाया: आली बघ. बापरे, गारगोट्याच आहेत ह्या! वहिनी, धूर निघतोय गं ह्यातून!

उज्वला: धूर नाही, दंव आहे. हातात जास्त धरू नका, चिकटतात.

नवसाबाई: दे इकडं. मी ठेवते. माझ्या हातानं. अहो... घ्या. आज बोंबलत नाय मी.

छाया: आई, उतरतोय.

उज्वला: हलू नका.

छाया: वडा ओलांडला. माझ्या पुरीवर पाय दिला मेल्यानं. उचलला! आई, मणी उचलला!

नवसाबाई: दिसतंय मला. ओरडू नको, उडंल.

छाया: चोचीत धरून बसलाय. गिळत का नाही?

उज्वला: गिळेल. घाई करू नका त्याला.

नवसाबाई: खाली जा, छाये. शेखरला सांग, शिवला म्हणून. वाढायला घ्या. खीर आधी वाढ, सगळ्यांना.

छाया: नारळ घातलेली?

नवसाबाई: मग काय दुसरी केलीय का तू?

छाया: आणि चार वाजता तो टेम्पोवाला येईल त्याचं?

नवसाबाई: गच्चीवरचा गंजका कूलर दे त्याला. आल्या माणसाला रिकामं पाठवू नये. जा आता.

उज्वला: मीही जाते. पाच पानं तिला एकटीला नाही झेपायची.

नवसाबाई: थांब. तुला मी माफ केलं असं समजू नको.

उज्वला: मी मागितलीच नाही माफी.

नवसाबाई: मागू पण नको. त्यांनी तुला सांगितलं, मला नाय सांगितलं. ते मी मरेपर्यंत धरून बसणार.

उज्वला: बसा.

नवसाबाई: तीनच मणी ठेवले मी पानावर. हा एक राहिला हातात.

उज्वला: विरघळतोय. द्या, टाकते कुंडीत.

नवसाबाई: टाकती कशाला? गालात धरायचे, म्हणालीस ना?

उज्वला: हो. डाव्या. चावायचा नाही.