परका खटका

(ओबर्नडोर्फ गावातलं एक स्वयंपाकघर. रविवार, दुपारच्या कॉफीची वेळ. एवाल्ड स्टॉयबले, वय चौऱ्याहत्तर, आणि त्याची बायको ट्राउडे. थोड्या वेळाने निवृत्त मास्तर ओटमार क्निट्स येतात.)

ट्राउडे: आणि मी म्हणते, दाखवायचंच कशाला? खटका मिळाला ना तुला? पिस्तुलात बसला ना? नंबर जुळला ना? मग झालं तर!

एवाल्ड: झालं कसं? ओटमारने बघितल्याशिवाय काय झालं? एकोणीस वर्षं टोमणे मारतोय मला. ‘एवाल्ड, तुझं पिस्तूल म्हणजे खानदानी घराणं हो, खटका तेवढा परका!’ तेही संग्राहक मंडळाच्या सगळ्या लोकांसमोर. आज त्याच्याच तोंडून ऐकायचंय मला.

ट्राउडे: तो येतो केक खायला.

एवाल्ड: खाऊ दे. केक खाईल आणि शब्द मागे घेईल.

ट्राउडे: आणि खोटा आहे म्हणाला तर?

एवाल्ड: तर खोटा. पुन्हा शोधायचा.

ट्राउडे: पुन्हा? घोड्यावर सत्तेचाळीस, नळीवर सत्तेचाळीस, नखाएवढ्या पिनेवर सत्तेचाळीस. एका खटक्यावर एकसष्ट, म्हणून एकोणीस वर्षं घरात सुतक पाळलंस! दर शनिवारी हा जुना बाजार नाहीतर तो जुना बाजार. पुन्हा म्हणे!

एवाल्ड: आता मिळालाय ना! पंधरा युरोला स्क्रूंनी भरलेला डबा घेतला, आणि तळाशी हा! नशीब लागतं बाई.

ट्राउडे: हो, नशीबच. आणि नॉर्वेच्या बोटीचं काय?

एवाल्ड: मी शब्द दिलाय. शेवटचा तुकडा मिळाला की माझे बाजार बंद, आणि आपण दोघं बोटीवर. पण तुकडा अस्सल हवा. खोट्यावर नॉर्वे नाही, सांगून ठेवतो.

ट्राउडे: शब्द दिलास तेव्हा माझे गुडघे धड होते रे. आता बोटीची शिडी तरी चढवेल की नाही, देव जाणे.

एवाल्ड: बेल वाजली! आला! तू उघड, मी तिजोरीतून पिस्तूल काढतो.

ट्राउडे: या मास्तर. पाय पुसा, कालच जिना पुसलाय. आधी कॉफी घ्या. केक गरम आहे, आलूबुखाराचा, मलईसुद्धा फेटून ठेवलीय. बसा निवांत, पोट भरून खा...

ओटमार: ट्राउडेबाई, आधी शास्त्र, मग केक. बोटांना मलई लागली की पुरावा संपला. एवाल्ड, दिवा इकडे ओढ. हातमोजे घातलेत मी. हं. मुठीवर लाल नऊ, पहिल्या महायुद्धातल्या लष्करी पिस्तुलाची खूण. उत्तम. हे आपल्या परिचयाचं आहे.

एवाल्ड: खटका बघ, खटका!

ओटमार: घाई नको. पोरांच्या वह्या मी चाळीस वर्षं तपासल्या, कॉपी केलेली मला वासावरून कळते.

ट्राउडे: कॉफी निवतेय.

ओटमार: निवू द्या. हा गंज... जुना आहे. पन्नास-साठ वर्षं तरी मातीच्या ओलीत पडलेला असावा. बरोबर. खटक्याची घडण कारखान्यातलीच, वादच नाही. आता आकडे. चार. ठीक. सात...

एवाल्ड: काय? सातचं काय?

ओटमार: गप्प बस जरा. सातचा पाय. टोकाला टवका उडालाय.

एवाल्ड: मग? वाईट आहे का ते?

ओटमार: थांब. घोड्यावरचा सात बघतो. टवका. नळीवरचा. टवका. अरे एवाल्ड, तोच! अगदी तोच टवका! म्हणजे एकोणीसशे सतरा साली एकाच माणसाने, एकाच ठशाने, एकाच हातोडीने हे सगळे आकडे मारलेत. नोंद घ्या: मी, ओटमार क्निट्स, माझे सगळे टोमणे मागे घेतो. खटका अस्सल आहे.

एवाल्ड: पुन्हा म्हण.

ओटमार: अस्सल. शंभर टक्के.

एवाल्ड: ट्राउडे! ऐकलंस? अगं तुझे आजोबा इथल्या पिस्तुलाच्या कारखान्यात नंबर मारायच्या टेबलावर होते ना तेव्हा? त्यांचाच असेल हा सात! तुझ्या आजोबांचा! मला... मला रडूच येतंय बघ. जा, नॉर्वेची बॅग काढ!

ट्राउडे: काढलीय. मंगळवारपासून पलंगाखाली भरून ठेवलीय.

एवाल्ड: मंगळवारपासून? इतका विश्वास होता तुझा माझ्यावर?

ट्राउडे: असं समज. मास्तर, केक घ्या आता. मोठा तुकडा देते.

ओटमार: द्या, द्या. आज चालेल. साच्यासकट इकडे सरकवा, मीच कापतो. वाः, काय रंग आलाय! हे काय?

एवाल्ड: आलूबुखार.

ओटमार: तसं नाही. साच्याच्या काठावर. एवाल्ड, माझं भिंग दे.

ट्राउडे: मास्तर, केकला कुठे भिंग लावतात? खा की सरळ!

ओटमार: सत्तेचाळीस. सत्तेचाळीस. सत्तेचाळीस. ट्राउडेबाई, तुमच्या केकच्या साच्यावर अकरा वेळा सत्तेचाळीस आहे. आणि प्रत्येक सातला टवका आहे.

एवाल्ड: काय बोलतोस?

ओटमार: हा साचा एकोणीसशे सतराचा नाही. असला माझ्या बायकोकडे पण आहे.

एवाल्ड: ट्राउडे?

ट्राउडे: मेला साचा! धुताना रोज बघते आणि आजच विसरले! असं बघू नकोस माझ्याकडे. हो. मी मारला तो नंबर. पहिल्यांदा हात बसेना, म्हणून साच्यावर सराव केला. झालं समाधान?

एवाल्ड: आणि तो डबा? स्क्रूंचा?

ट्राउडे: डबा तूच आणलास. आत खटका मी टाकला. तीन दिवस तू डबा उघडेनास, मीच म्हटलं ना, ‘अरे, जरा स्क्रू तरी वेगळे कर’?

ओटमार: आणि गंज? तो पन्नास वर्षांचा गंज?

ट्राउडे: सहा आठवड्यांचा आहे. जिरेनियमच्या कुंडीत पुरला होता. पाणी घालताना रोज आठवण यायची तुमची.

ओटमार: ही फसवणूक आहे! पण... थांबा. खटका कुठला?

ट्राउडे: आजोबांचा. नंबर मारायचे राहिलेले तीन-चार तुकडे त्यांच्या डब्यात होते, ठशांबरोबर. युद्ध संपलं तेव्हा कारखान्यातून घरी आले ते डबा घेऊनच. लहानपणी तेच माझं खेळणं. नाताळच्या बिस्किटांवर आकडे उठवायची मी त्या ठशांनी.

ओटमार: म्हणजे तुकडा अस्सल. ठसा अस्सल. टवकासुद्धा अस्सल. फक्त हात खोटा! आता मी काय नोंद करू? असलं काही कुठल्याच पुस्तकात नाही!

ट्राउडे: खोटा? मास्तर, तोंड सांभाळून बोला. आजोबांचाच हात आहे हा. आखूड बोटं, जाड अंगठा. आई म्हणायची, बाकी कुणाचं काही घेतलं नाहीस, आजोबांचे पंजे तेवढे उचललेस.

ओटमार: एवाल्ड, तू काहीतरी बोल. किंमत अर्धी झाली तुझ्या पिस्तुलाची!

एवाल्ड: तो डबा कुठे होता, ट्राउडे?

ट्राउडे: तळघरात. माझ्या पेटीत. लग्नात आणलेली.

एवाल्ड: म्हणजे एकोणीस वर्षं मी वणवण हिंडतोय, आणि तो आपल्या तळघरात?

ट्राउडे: पंचेचाळीस वर्षं. काखेत कळसा नि गावाला वळसा, दुसरं काय!

एवाल्ड: मग बोलली का नाहीस?

ट्राउडे: तू विचारलंस कधी? मेलेल्या माणसांची घरं रिकामी व्हायची, तिथे धावत जायचास. सगळ्या मुलखातल्या परक्या बायकांच्या पेट्या उघडून बघितल्यास. माझ्या पेटीत काय आहे म्हणून एकदा तरी विचारलंस? तिच्यावर तू हिवाळ्यातले बूट ठेवतोस, एवाल्ड. दरवर्षी. मला वाईट वाटायचं. तेव्हाही वाटायचं, आताही वाटतंय. आणि नॉर्वेला जायचं होतं मला. म्हणून केलं. चुकलं माझं. कॉफी घे, निवली असेल.

ओटमार: घ्या कॉफी. मी पण घेतो. केक... केक चांगला झालाय हो.

एवाल्ड: पेटीत आणखी काय आहे?

ट्राउडे: तुझ्या कामाचं काही नाही.

एवाल्ड: कामाचं नाही विचारलं. काय आहे ते विचारलं.

ट्राउडे: काय असणार? आजीचा हातआरसा. गाण्यांची वही. मी गायचे चर्चमध्ये, ते आठवतंय तरी का तुला? उल्मच्या एका मुलाची दोन पत्रं.

एवाल्ड: कोण उल्मचा?

ट्राउडे: बघ, लगेच कान टवकारले! त्याच्यावर नंबर नाहीये, घाबरू नकोस.

ओटमार: माफ करा, माझी वही उघडी आहे. संग्राहक मंडळाला कळवायचंय. खटका अस्सल की नकली? आणि ठरल्याप्रमाणे नॉर्वे होणार की नाही? नियम तुझाच होता, एवाल्ड.

एवाल्ड: तू काय लिहायचास आधी त्या रकान्यात?

ओटमार: ‘परका.’ एकोणीस वर्षं ‘परका’ असंच लिहिलंय.

एवाल्ड: ते खोड. लिही: ‘घरचा.’

ओटमार: ‘घरचा’ असा शेराच नाही आमच्यात!

एवाल्ड: आता आहे. ट्राउडे, बोट किती दिवसांची असते?

ट्राउडे: बारा.

एवाल्ड: बाजार नाही, काही नाही, नुसतं बसायचं बारा दिवस? मग ती वही घे बरोबर. आरसापण घे. आणि ती पत्रं घेच.

ट्राउडे: पत्रं कशाला?

एवाल्ड: वाचून दाखव. मला ऐकायचीत.

ट्राउडे: वेडा आहेस. थांब, खाली जाऊन आणते सगळं.

एवाल्ड: गुडघे दुखतात ना तुझे? तू बस. आणि ते बूट मी काढतो.