बाहेरच्या माणसाचं मत

हॅलो?… कोण?… अगं बाई, तू होय! मोबाईल बदलला ना, नंबरच नाही राहिला तुझा. बोल… थांब, गॅस बारीक करते. एका कपाचा चहा, लगेच आटतो… हं, बोल.

संशोधन? कसलं?… स्वयंसेवक काम सोडून का जातात, त्यावर? उशिरा सुचलं म्हणायचं शहाणपण. हॉस्पिटल करतंय?… बरं. मग मला कशाला फोन?

बाहेरच्या लोकांचं मत?… प्रश्न पक्के करायच्या आधी… हो, हो, कळलं गं. पण मी कधीपासून बाहेरची? नऊ वर्षं चौकशीच्या टेबलाला तुझ्याच शेजारी बसले. एक्स-रे कुठे, रक्त कुठे द्यायचं, सांगून सांगून घसा बसायचा. तू चहाला गेलीस की तुझी माणसंही माझ्याच गळ्यात… नाही, रागावले नाही. वाच तुझे प्रश्न.

हं… 'कामाचं समाधान मिळालं का?'… हं… 'प्रशिक्षण पुरेसं होतं का?'… चहापाण्याची सोय… पुढे?… संपले?

मग घाल माझा एक. 'तुम्ही यायच्या बंद झालात, तेव्हा कुणी साधा फोन केला का?'… बोचतो? बोचू दे की.

काय?… माझ्या नावापुढे 'घरगुती अडचण' लिहिलंय? अगं, तुमच्याच हॉस्पिटलात होतो आम्ही! हे तिसऱ्या मजल्यावर ॲडमिट, मी बाहेर बाकावर. ऑफिसात कळवलं होतं मी… तुला कुणी सांगितलं नाही? अगं ऐक ना. एकदा खाली आले होते तुमच्या टेबलाशी. डॉक्टर कधी भेटतील, एवढंच विचारायचं होतं. तूच होतीस. कागदातून मान वर न करता म्हणालीस, 'नातेवाइकांनी रांगेत थांबा'… माहीत आहे, नाही ओळखलंस. अंगात स्वयंसेवकाचं हिरवं जॅकेट नव्हतं ना माझ्या.

थांबले की. रांगेत थांबले.

नाही, अगदीच कुणी विचारलं नाही असं नाही हं. मेसेज आला होता ऑफिसचा. 'जॅकेट धुऊन, इस्त्री करून जमा करावे.' गरज सरो, वैद्य मरो… मग काय, धुतलं. इस्त्री केली. दिलं.

रडतेस कशाला?… तू नको बाई रडू, माझ्याच्यानं नाही ऐकवत.

काय म्हणालीस?… भाऊजी?

आता कसे आहेत, असं विचारतेस?

…अगं, त्या जॅकेटला इस्त्री केली ना, त्याच्या आदल्या दिवशी गेले ते.

दोन वर्षं होतील आता… नको. भेटायला नको येऊस. खरंच नको. मला नाही जमणार तुझ्यासमोर बसायला. प्रश्न तेवढा घाल… आणि माझं नाव नको. 'बाहेरची' म्हणूनच लिही.

ठेवते… चहा आटला सगळा.